आउटरन डिलक्स (1986): हलणाऱ्या कॅबिनेटचा मोटर कंट्रोल बोर्ड नव्याने बनवतोय, सल्ला हवा

वळणावळणाने (धागाकर्ता), मिडलंड्स, इंग्लंड

नमस्कार मंडळी, विषय जरा आडबाजूचा आहे पण इथे मोटरवाले, इलेक्ट्रॉनिक्सवाले आणि जुन्या गेमचे वेडे असे तिन्ही लोक आहेत म्हणून इथेच टाकतोय. मी इंग्लंडात राहतो, इथे जुनी आर्केड मशिनं सांभाळणाऱ्यांचा एक छोटा गट आहे आणि त्यात इलेक्ट्रिकलचं काम माझ्याकडे असतं. सध्या सेगाचं आउटरन हातात आहे, डिलक्स, म्हणजे लाल गाडीसारख्या कॅबिनेटमध्ये बसायचं आणि आख्खी गाडी खालच्या बेसवर डावीउजवीकडे डुलते ते.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. 1985 ला यू सुझुकींच्या टीमचं हँग-ऑन आलं, त्यात खरी वाटेल अशी बाइक होती पण मोटर नव्हती, आपल्याच अंगाने ती वाकवायची. त्याच वर्षी स्पेस हॅरिअर आलं आणि सीट मोटरवर हलायला लागली. 1986 ला आउटरन, 1987 ला आफ्टर बर्नर ज्यात कॉकपिट दोन अक्षांवर हलतं आणि पट्टा बांधून बसायचं, आणि 1990 ला आर360, ज्यात माणूस चक्क उलटा होतो. जपानात या सगळ्यांना ताइकान, म्हणजे अंगाने अनुभवायचे, गेम म्हणतात. गेमचं सॉफ्टवेअर आज कुठेही चालतं हो, फोनवर पण चालेल, पण हे अंगाला जाणवणारं हलणं फक्त या मशिनांमध्येच उरलंय आणि तेच बंद पडलेलं दिसतं सगळीकडे, त्याचं मला फार वाईट वाटतं.

आमच्या मशिनचा गेम बोर्ड ठणठणीत आहे, दोन्ही 68000 प्रोसेसर चालू आहेत, मॉनिटरही चांगला आहे. पण मोटर कंट्रोल बोर्ड जागेवरच नाही, आधी कुणीतरी काढून नेलाय, आणि मूळ मोटरच्या जागी ब्रशवाली पीएमडीसी (कायम चुंबकाची डीसी) मोटर गिअरबॉक्ससकट बसवलीये, नेमप्लेटवर 90 व्होल्ट. मेकॅनिकल काम बाकी नेटकं केलंय, त्यामुळे मोटर तीच ठेवायची आणि बोर्ड नवा करायचा असं ठरलं.

माझ्या डोक्यात जे आहे ते असं. कॅबिनेट जपानी असल्यामुळे आत 230 चे 100 व्होल्ट करणारा ट्रान्सफॉर्मर आहेच, ते 100 रेक्टिफाय केले की 141 व्होल्ट डीसी मिळतात, त्यावर एच-ब्रिज (मोटर दोन्ही दिशांना फिरवणारे चार इलेक्ट्रॉनिक स्विच) आणि छोटा मायक्रोकंट्रोलर. मोटर 90 ची असल्यामुळे पीडब्ल्यूएमची (पुरवठा भराभर चालू-बंद करून वेग ठरवायची पद्धत) ड्यूटी, म्हणजे चालू राहण्याचा वाटा, 64 टक्क्यांच्या वर जाऊच द्यायची नाही. गेम बोर्डाला अजिबात हात लावायचा नाही, मूळ वायरिंगची एकही तार कापायची नाही, उद्या कुणाकडून मूळ बोर्ड मिळाला तर आपला काढून तो लावता आला पाहिजे. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे आत माणूस बसणार आहे, बऱ्याचदा लहान मूल बसणार आहे, त्यामुळे काहीही तुटलं फुटलं तरी गाडी थांबलीच पाहिजे.

मोटर ड्राइव्हचा अनुभव असलेल्यांनी कृपया लिहा, ब्रिज आयजीबीटीचा करू की मॉस्फेटचा (दोन्ही पॉवर ट्रान्झिस्टरचेच प्रकार), आणि थांबवताना मोटर जी ऊर्जा परत देते तिचं काय करायचं हे मुख्य प्रश्न आहेत.

नुसता_वाचक, डोंबिवली

वाचतोय. पण एक बाळबोध शंका, रागावू नका. गेम मोटरशिवाय चालत नाही का? नसेल चालत तर समजू शकतो, पण चालत असेल तर एवढा खटाटोप कशासाठी, आणि वर माणसाला धोका पण.

वळणावळणाने

अजिबात राग नाही, प्रश्न बरोबर आहे. चालतो. बोर्डावर डिप स्विच आहेत, त्यात कॅबिनेट कुठलं ते सांगता येतं, उभं, छोटं उभं किंवा हलणारं. हलणारं सोडून दुसरं निवडलं की गेम मोटरकडे बघतच नाही. बऱ्याच ठिकाणी लोकांनी हेच करून ठेवलंय.

पण माझं म्हणणं असं की हे मशीन रचलंच गेलंय हलण्यासाठी. वळणावर गाडी झुकते, रस्त्याबाहेर गेलं की थरथरते, ते स्क्रीनवर जे चाललंय त्याच्याशी इतकं जुळलेलं असतं की हात आपोआप स्टिअरिंग सावरतो. थांबलेलं डिलक्स म्हणजे मोठ्या आकाराची खुर्ची. आणि आज जे लोक हे दुरुस्त करू शकतात ते दहा-वीस वर्षांनी करतीलच असं नाही, म्हणून आत्ताच करून, ड्रॉइंग सगळ्यांना देऊन ठेवायचं.

मेमवाला, नाशिक

मस्त विषय! तुमच्या कामाची गोष्ट सांगतो. मेम, म्हणजे जुनी आर्केड मशिनं कॉम्प्युटरवर चालवणारं सॉफ्टवेअर, त्याच्या सोर्समध्ये आउटरन डिलक्सचा वेगळा सेट आहे आणि त्यात मोटरचं खोटं मॉडेल लिहिलेलं आहे, कारण गेमला मोटर दिसली नाही तर तो सुरुवातीलाच अडतो. त्यातून इंटरफेस बराच उलगडतो. गेम बाहेर जो आकडा पाठवतो तो 4 बिटांचा आहे. 8 म्हणजे थांब, 8 च्या खाली एका बाजूला, 8 च्या वर दुसऱ्या बाजूला, आणि 8 पासून जितकं लांब तितका वेग जास्त. 0 म्हणजे मोटर बंद. उलट दिशेने गेमला तीन लिमिट स्विच दिसतात, डावं, मधलं, उजवं, आणि गाडी नेमकी कुठे आहे ते अ‍ॅनालॉग टू डिजिटलमधून वाचलं जातं, त्याच चिपवर स्टिअरिंग, अ‍ॅक्सिलरेटर आणि ब्रेकही आहेत.

म्हणजे पोझिशन लूप (गाडी कुठे आहे ते बघून मोटर सुधारत राहण्याचं काम) तुमच्या बोर्डात नाहीये, तो गेममध्येच आहे! तुमच्या बोर्डाने फक्त सांगितलेल्या दिशेला सांगितलेल्या वेगाने फिरवायचं.

कॅननबॉल नावाचं आउटरनचं ओपन इंजिन आहे त्याचा कोडही बघा, मोटरचा भाग वाचायला सोपा आहे.

वळणावळणाने

वा, हे फार कामाचं झालं, मनापासून धन्यवाद. कॅननबॉलमध्ये ते सुरुवातीचं कॅलिब्रेशनही दिसलं. गाडी आधी डावीकडे स्विच लागेपर्यंत नेतात, मग उजवीकडे, मग मध्ये आणतात, दोन्ही टोकांचे आकडे लक्षात ठेवतात. ठराविक वेळात स्विच लागला नाही तर नापास असं स्क्रीनवर येतं.

सेंट्रिफ्युगल, जि. कोल्हापूर

धागाकर्ते, मी साखर कारखान्यात इलेक्ट्रिकलला होतो, आता रिटायर. गेमबिमचं मला काही कळत नाही, पण डीसी मोटर म्हटल्यावर राहवलं नाही. आमच्याकडे बॅच सेंट्रिफ्युगल असायच्या डीसी ड्राइव्हवर. हळू फिरवत बास्केट भरायची, मग हजाराच्या वर आरपीएमला उचलायची, साखर कोरडी झाली की ब्रेक करून पार खाली आणायची आणि साखर खरवडून काढायची, की लगेच पुढची बॅच. दिवसरात्र हेच. त्यामुळं मोटर पळवण्यापेक्षा थांबवणं अवघड असतं हे आम्ही तिथंच शिकलो.

तुमच्यासाठी तीन-चार गोष्टी सांगतो बघा. मोटर फिरत असताना तुम्ही पुरवठा कमी केला की ती जनरेटर होते, ऊर्जा मागं ढकलते. आमच्या मोठ्या थायरिस्टर ड्राइव्हमध्ये उलटा कन्व्हर्टर असायचा, तो ही ऊर्जा लाइनला परत द्यायचा. तुमच्याकडं साधा डायोड ब्रिज आहे, त्यातून काहीच मागं जात नाही, म्हणजे सगळं तुमच्या कॅपॅसिटरवर साठणार आणि व्होल्टेज चढणार. त्याला वाट करून द्यावी लागते, रेझिस्टर लावून जाळायची.

दुसरं, इमर्जन्सी स्टॉप. तो मायक्रोकंट्रोलरला सांगून करायचा नाही. कॉन्टॅक्टर (मोठा रिले) घ्या. मेन कॉन्टॅक्टनी आर्मेचर (मोटरचं फिरतं वाइंडिंग) ब्रिजपासून तोडायचं आणि त्याच कॉन्टॅक्टरच्या एनसी (एरवी जोडलेल्या) कॉन्टॅक्टमधून आर्मेचरवर रेझिस्टर पडला पाहिजे. लाइट गेली, बटन दाबलं, वायर तुटली, काही झालं तरी कॉइल सुटते आणि मोटर स्वतःच स्वतःला ब्रेक लावते. तुमची परमनंट मॅग्नेट आहे त्यामुळं फील्डची काळजी नाही, वीज नसताना पण ब्रेक लागणार. ही पद्धत जुनी आहे पण कधी फसवत नाही.

तिसरं, रेझिस्टर फार लहान घेऊ नका. 90 व्होल्ट बॅक ईएमएफ (फिरती मोटर स्वतः तयार करते ते व्होल्टेज) धरली आणि 10 ओहम लावला तर 9 अँपिअरच्या आत राहतं. शॉर्टच केलं तर करंट भयंकर जातो आणि फेराइट मॅग्नेट असेल तर तो कायमचा कमजोर होतो. फेराइटला थंडीत हा धोका जास्त, आणि तुमच्याकडं तर थंडी.

वळणावळणाने

काका, नमस्कार! एवढं सविस्तर लिहिलंत, खरंच आभारी आहे. कॉन्टॅक्टर आणि एनसीमधून ब्रेकिंग रेझिस्टर हे तसंच घेणार. थंडीचा मुद्दा तर इथल्या कुणाच्याच लक्षात आला नव्हता, मशीन हिवाळ्यात हीटर नसलेल्या शेडमध्ये असतं, तिथे शून्याच्या आसपास तापमान जातं. करंट लिमिट त्या हिशोबाने ठेवतो.

तांब्याचा_थर, पुणे

मी मोटर ड्राइव्हचे पीसीबी डिझाइन करते, त्यामुळे हा धागा माझ्यासाठी मेजवानी आहे. काकांनी जे ऊर्जेचं सांगितलं त्याला आकडे लावून बघूया म्हणजे किती गंभीर आहे ते कळेल.

समजा बसवर, म्हणजे त्या 141 व्होल्ट डीसीच्या लाइनवर, 1000 मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर आहे. 141 व्होल्टवरून 200 व्होल्टवर जायला त्याला फक्त 10 जूल पुरतात. आता हलणारा भाग माणूस धरून 200 किलो समजा आणि वेग अर्धा मीटर प्रति सेकंद, तर त्यात 25 जूल असतात. गिअरबॉक्स आणि घर्षण त्यातला बराचसा खाऊन टाकेल, वर्म गिअर असेल तर मागे फारच कमी येईल, पण हेलिकल असेल तर एका झटक्यात थांबवलं की 200 व्होल्टचा कॅपॅसिटर संपला. त्यामुळे कॅपॅसिटर 250 व्होल्टचे घ्या आणि बसवर एक तुलना करणारं सर्किट ठेवा, कंपॅरेटर आणि एक मॉस्फेट, मायक्रोकंट्रोलरला न विचारता चालणारं. 180 ला रेझिस्टर चालू, 170 ला बंद. 160 वगैरे ठेवू नका कारण तुमच्याकडे मेन्स 230 च्या 10 टक्के वर जाऊ शकते, म्हणजे 253, मग 100 च्या जागी 110 आणि बस 155 पर्यंत नुसती उभ्या उभ्याच जाते, ट्रान्सफॉर्मरवर लोड नसेल तर अजून थोडी वर. उगाच रेझिस्टर तापत बसेल.

ब्रिज मॉस्फेटचाच करा. या व्होल्टेजला आयजीबीटीचा काही फायदा नाही, 250 किंवा 300 व्होल्टचे मॉस्फेट सहज मिळतात आणि 16-20 किलोहर्ट्झला आरामात चालतात, म्हणजे मोटर शिट्टी मारत नाही. गेट ड्रायव्हर आयआर2110 पुरेसा आहे, 500 व्होल्टपर्यंत चालतो. त्याची वरची बाजू बूटस्ट्रॅप कॅपॅसिटरवर चालते आणि तो कॅपॅसिटर खालचा मॉस्फेट चालू झाला तरच भरतो, त्यामुळे 100 टक्के ड्यूटी देता येत नाही, पण तुम्ही तसेही 64 वर थांबणार आहात. डेड टाइम (वरचा आणि खालचा मॉस्फेट दोन्ही बंद असण्याचा वेळ) 1 मायक्रोसेकंद ठेवून सुरुवात करा आणि स्कोपवर बघा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, गेम बोर्ड आणि पॉवरची बाजू पूर्ण वेगळी ठेवा. ऑप्टोकपलर (सिग्नल तारेऐवजी प्रकाशातून नेणारी चिप). ब्रशच्या ठिणग्यांचा आवाज ग्राउंडमधून गेम बोर्डात शिरला की 68000 रिसेट होतो आणि मग दोष कुठे आहे ते शोधत बसावं लागतं. ट्रान्सफॉर्मर ऑटोट्रान्सफॉर्मर (एकाच वाइंडिंगचा) नाही ना हे आधी तपासा! असेल तर तुमचे 141 व्होल्ट मेन्सला थेट जोडलेले आहेत असं समजूनच काम करा, स्कोपची ग्राउंड क्लिप लावायच्या आधी दहा वेळा विचार करा.

वळणावळणाने

ताई, प्रतिसाद प्रिंट काढून बेंचवर लावलाय. ट्रान्सफॉर्मर तपासला, दोन वेगळ्या वाइंडिंगचा आहे, सुटलो. गिअरबॉक्स उघडून पाहिला तर हेलिकल निघाला, म्हणजे ऊर्जा परत येणार हे नक्की.

एक शंका आहे, मायक्रोकंट्रोलर हँग झाला तर? वॉचडॉग (हँग झाल्याचं ओळखणारं सर्किट) आतलाच वापरू का बाहेरचा?

तांब्याचा_थर

दोन्ही. आतला वॉचडॉग तोच चिप बिघडला तर कामाचा नाही. बाहेर हे करा: मायक्रोकंट्रोलरची एक पिन सतत वरखाली हलत राहील असा प्रोग्राम लिहा, त्या पिनवरून एक छोटा कॅपॅसिटर, दोन डायोड आणि पुढे एक साठवण कॅपॅसिटर, त्यावर ट्रान्झिस्टर आणि त्यावर काकांचा कॉन्टॅक्टर. पिन हलत राहिली तरच चार्ज पुढे ढकलला जातो आणि ट्रान्झिस्टर चालू राहतो. प्रोग्राम अडकला आणि पिन वर राहिली किंवा खाली राहिली, दोन्ही वेळा चार्ज संपतो आणि कॉन्टॅक्टर सुटतो. हलवण्याचं काम टायमर इंटरप्टमध्ये मात्र टाकू नका, मुख्य लूप मेला तरी इंटरप्ट चालू राहू शकतो. मुख्य लूपमध्ये, सगळ्या तपासण्या झाल्यावर शेवटी हलवा.

सेंट्रिफ्युगल

ताईंनी सांगितलेलं पटलं. हेच आम्ही फिरत्या कॅमवर करायचो.

ओसाकाकर, ओसाका

जपानातून एक भर. इथे पूर्वेला 50 हर्ट्झ आणि पश्चिमेला 60 हर्ट्झ आहे, तोक्यो 50 आणि आमचं ओसाका 60, व्होल्टेज दोन्हीकडे 100. त्यामुळे इथली जुनी कॅबिनेट दोन्हीवर चालतील अशीच असायला लागतात. ज्यांच्या हातात थायरिस्टरचा जुना ड्राइव्ह असेल त्यांनी हे लक्षात ठेवावं की तो मेन्सच्या लहरीबरोबर चालतो, 50 ला दर 10 मिलिसेकंदांनी आणि 60 ला दर 8.33 मिलिसेकंदांनी एकदाच त्याला नवीन निर्णय घेता येतो, एकदा चालू झाला की लहर शून्यावर येईपर्यंत बंद होत नाही. कमी वेगाला मोटर गुरगुरते आणि अडखळते ती त्यामुळेच. पीडब्ल्यूएम केल्यावर हे सगळं जाईल आणि हालचाल जास्त मऊ वाटेल.

पण मला विचाराल तर फार मऊ करू नका. आफ्टर बर्नर किंवा आउटरनमध्ये बसलेल्या माणसाला जो छोटा धक्का लागतो ना, त्यातच मजा आहे. दुरुस्त केलेलं मशीन नव्या लिफ्टसारखं गुळगुळीत झालं तर ते मशीन राहत नाही.

वळणावळणाने

ओसाकाकर, तुम्ही जे म्हणताय त्याचा प्रत्यय लगेच आला. बोर्डाचा पहिला नमुना तयार झालाय, वाळूची पोती सीटवर ठेवून चाचणी चाललीये, कुणालाही अजून बसू दिलेलं नाही. वेग बदलताना मी हळूहळू चढणारा उतार ठेवला होता, गिअरबॉक्सला त्रास नको म्हणून. तर गेमचं कॅलिब्रेशन नापास व्हायला लागलं! कारण गेमला अपेक्षा आहे की सांगितल्याबरोबर गाडी निघेल, आणि गेममध्ये जो पोझिशन लूप आहे तो मूळ मोटरच्या स्वभावावर बेतलेला आहे. आपण मध्ये उशीर घातला की लूप गडबडतो, मध्यावर आणताना गाडी पुढे जाते, परत येते, परत पुढे जाते. उतार कमी केला, 8 वरून 15 वर जायला एका सेकंदाचा छोटा अंश लागेल एवढाच ठेवला, आणि झटक्याची काळजी करंट लिमिटवर सोडली. लगेच पास.

यातून मला जे वाटतं ते सांगतो. असला बोर्ड बनवताना हुशार ड्राइव्ह बनवण्याचा मोह होतो, आपला पीआयडी (नियंत्रणाचं गणित), आपला स्मूथिंग, आपली पोझिशन. ते सगळं बाजूला ठेवायचं. गेम चालवणार, बोर्ड ऐकणार. बोर्डाने स्वतःच्या मनाने फक्त एकच गोष्ट करायची, ती म्हणजे थांबणं.

आता सुरक्षेचं काय काय केलंय ते लिहितो, कुणाला कमी वाटलं तर सांगा.

मोटरचा 4 बिटांचा आकडा गेम बोर्डावरच्या 8255 या इनपुट-आउटपुट चिपमधून येतो. 8255 रिसेट झाला की त्याचे सगळे पोर्ट इनपुट होतात, म्हणजे मशीन चालू केल्यावर प्रोग्राम जागा होईपर्यंत या चारही तारा लोंबकळत असतात. रिबन निघाली तरी तेच. नेहमीच्या सवयीने पुलअप (तार 1 कडे ओढणारे रेझिस्टर) लावले असते तर चारही 1 म्हणजे 15, म्हणजे एका बाजूला पूर्ण वेग! म्हणून पुलडाउन (0 कडे ओढणारे) लावलेत आणि ऑप्टोकपलर असे जोडलेत की आतला एलईडी विझलेला असेल तर 0 वाचला जाईल, म्हणजे मोटर बंद. तार तुटली, गेमचा पुरवठा गेला, काही झालं तरी 0.

डावं आणि उजवं लिमिट स्विच एनसी आहेत, दाबला की उघडणारे. गेमला जाणाऱ्या सिग्नलशिवाय प्रत्येकावर दुसरा कॉन्टॅक्ट आहे, तो थेट गेट ड्रायव्हरच्या त्या त्या दिशेच्या इनपुटला अडवतो, सॉफ्टवेअर मध्ये नाही. डावीकडचं टोक लागलं की डावीकडे जाता येत नाही पण उजवीकडे परत येता येतं. त्याच्याही पुढे एकेक जास्तीचा स्विच लावलाय, तिथपर्यंत गाडी गेली तर कॉन्टॅक्टरच पडतो आणि चावी फिरवल्याशिवाय परत चालू होत नाही.

पोझिशनचा पॉट (पोटेंशिओमीटर, गाडीबरोबर फिरणारा रेझिस्टर) जुना आहे, त्याची पट्टी मधोमध झिजलीये कारण गाडी सगळ्यात जास्त मध्येच असते. नवा लावला. पॉटच्या दोन्ही टोकांना एकेक रेझिस्टर टाकलाय त्यामुळे चांगल्या स्थितीत आकडा कधीच 0 किंवा 255 च्या जवळ जात नाही, तो गेला तर तार तुटली असं धरून आमचा बोर्ड थांबतो. गेमला जाणारा सिग्नल वेगळ्या बफरमधून जातो, त्याला आम्ही फक्त ऐकतो.

करंट एसीएस712 ने मोजतोय, 20 अँपिअरवाला, एका अँपिअरला 100 मिलिव्होल्ट. गाडी कशात अडकली, कुणाचा पाय बेसच्या फटीत आला तर करंट चढतो, काही मिलिसेकंद मर्यादेच्या वर राहिला की बंद.

तांब्याचा_थर

छान झालंय सगळं. एसीएस712 बद्दल एक सूचना, तो हॉल सेन्सर आहे आणि मोटरच्या मॅग्नेटजवळ किंवा ट्रान्सफॉर्मरजवळ ठेवला तर शून्यच सरकतं. बोर्ड मोटरपासून लांब ठेवा आणि चालू झाल्यावर, कॉन्टॅक्टर लागायच्या आधी, शून्य मोजून घ्या. शून्य भलत्याच ठिकाणी असेल तर पुढे जायचंच नाही.

आणि पायाचं म्हणालात म्हणून, करंटवर विसंबू नका. माणसाचा पाय चेपायला जेवढा जोर लागतो तेवढा जोर ती मोटर नेहमीच्या वळणावर पण लावत असेल. तिथे झाकणच पाहिजे, रबरी स्कर्ट किंवा पत्रा.

वळणावळणाने

ताई, मान्य. स्कर्ट मूळ कॅबिनेटला असतो तसा बनवायला दिलाय, तो बसल्याशिवाय माणूस बसवणार नाही.

मेमवाला

एक कल्पना. रोज खरा गेम खेळत चाचणी करण्यापेक्षा मेमचा सोर्स थोडा बदला, गेम मोटरला जो आकडा देतो तो दर फ्रेमला फाइलमध्ये लिहून घ्या. एक पूर्ण खेळ, वळणं, अपघात, रस्त्याबाहेर जाणं सगळं त्यात येईल. मग तीच फाइल एका छोट्या बोर्डावरून तुमच्या ड्राइव्हला रात्रभर देत राहा. यात गेमचा पोझिशन लूप जोडलेला नसल्यामुळे गाडी हळूहळू एका बाजूला सरकेल, त्यामुळे दर खेळानंतर मध्ये आणावी लागेल, पण हीटसिंक, रेझिस्टर, ब्रश यांची परीक्षा चांगली होईल.

वळणावळणाने

हे केलं आणि सांगतो, फार उपयोग झाला. सगळ्यात जास्त तापतो तो ब्रिज नाही, ऊर्जा जाळणारा रेझिस्टर. रस्त्याबाहेरच्या थरथरीत गेम सारखा दिशा बदलतो, तेव्हा प्रत्येक उलट फेरीला थोडी थोडी ऊर्जा परत येते. सरळ रस्त्यावर रेझिस्टर थंडगार. तो अ‍ॅल्युमिनियमच्या खोक्याचा घेऊन लाकडापासून लांब, पत्र्याच्या पट्टीवर बसवला आणि त्याला थर्मल कटऑफ चिकटवला, कारण कॅबिनेट सगळं प्लायवूड आणि फायबर आहे.

नुसता_वाचक

मी पहिल्यांदा विचारलं होतं की खटाटोप कशासाठी, आता रोज धागा उघडून बघतोय काय झालं ते. माणूस बसला का?

वळणावळणाने

बसला. आमच्या गटातले एक सत्तरीच्या पुढचे गृहस्थ आहेत, त्यांनी त्या काळी ही मशिनं फिरून दुरुस्त केलीयेत, त्यांनाच पहिल्यांदा बसवलं आणि मी हातात स्टॉपचं बटन धरून उभा होतो. पहिल्या वळणाला म्हणाले, परत येताना जरा सुस्त आहे. करंट लिमिट थोडी वाढवली, मग म्हणाले आता बरोबर. स्कोप लावून जे मला दिसत नव्हतं ते त्यांना पाठीला कळलं.

सर्किट, पीसीबीच्या फाइल आणि प्रोग्राम सगळं खुलं ठेवणार आहे. दुसऱ्या मशिनांसाठी सरळ उचलून लावू नका, आफ्टर बर्नरला दोन अक्ष आहेत आणि त्याचे सिग्नल वेगळे आहेत, आधी आपल्या मशिनचं वायरिंग मोजून बघा. पण कॉन्टॅक्टर, ब्रेकिंग रेझिस्टर, पिन हलली तरच चालू राहणारं सर्किट आणि 0 म्हणजे बंद हे कुठेही चालेल.

सेंट्रिफ्युगल

अभिनंदन हो! वाचून बरं वाटलं. एक राहिलं, फ्यूजचं काय केलंय? बसच्या बाजूला नेहमीचा काचेचा फ्यूज टाकला असेल तर आजच काढा. एसीला लहर शून्यातून जाते तेव्हा ठिणगी आपोआप विझते, डीसीला ती विझत नाही, फ्यूज उडाला तरी आत ठिणगी पेटतीच राहते आणि काच फुटते.

वळणावळणाने

काका, एसी बाजूला स्लो ब्लो आहे आणि डीसी बाजूला 250 व्होल्ट डीसी असं छापलेला सिरॅमिकचा, आत वाळू भरलेला टाकलाय. होल्डरचंही डीसी रेटिंग बघून घेतलंय. ड्रॉइंगमध्ये फ्यूजच्या शेजारी तुमचं हे वाक्य लिहून ठेवतो, म्हणजे पुढे कुणी बदलताना काचेचा टाकणार नाही.